स्टेशन मास्तरांचा आवाज

माइक हातात आला की सगळं जग 'हॅलो, हॅलो' करतं. आमचे सर तसं करायचे नाहीत. ते घसा खाकरायचे आणि सावकाश, एकेक अक्षर मोकळं सोडत म्हणायचे, "बडनेरा... कुरुम... माना... मूर्तिजापूर... बोरगाव... अकोला." रोज अकोल्याहून अमरावतीला रेल्वेने ये-जा करणारा माणूस, त्याच्या तोंडी दुसरं काय येणार? विद्यापीठात शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना स्टेशन मास्तरच म्हणत. आणि आवाज काय होता हो! भारदस्त, विहिरीत हाक मारल्यासारखा घुमणारा. एकदा मी विचारलं, "सर, साधं हॅलो का नाही म्हणत?" तर म्हणाले, "हॅलोत काय हाय वं? हॅलो तं फुटक्या भोंग्यातूनबी समजते. शेवटच्या बाकाले मूर्तिजापूर समजलं, म्हंजे मास्तरचा धडाबी समजन."

आमचं काम सांगायला सोपं. विद्यापीठातल्या वर्गांत आणि सभागृहांत पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर, कॅमेरा कुठे बसवायचा, तारा कुठून न्यायच्या, सगळं नेटवर्कला कसं जोडायचं, याचे नकाशे करायचे. मी चांदूर रेल्वे गावची, सरांच्या हाताखाली नव्यानेच नोकरीला लागलेली इंजिनिअर. संगणकावर नकाशा काढून मोकळी व्हायचे. सर त्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. "खोलीत बसली काय तू?" "नाही सर, मापं आहेत ना." "मापं बाकावर बसत नाईत. चाल." मग मे महिन्याच्या उन्हात, पत्रे तापलेले असताना, आम्ही दोघं शेवटच्या बाकावर मुकाट बसायचो. पंखा किती खडखडतो, ऊन पडद्यावर कधी येतं, बाहेरच्या कडुलिंबावरून वानरं कुठे उतरतात, हे सगळं बघायचं. वानरांनी आमच्या तारांचे झोके केले होते, म्हणून तेही बघणं आलंच. मी मनातल्या मनात सरांच्या नावाने बोटं मोडायचे.

पश्चिमेच्या भिंतीला ते कधी यंत्र लावू द्यायचे नाहीत. "आपल्या इकडचं ऊन माणसाले सोडत नाई, तं मशीनले सोडन काय?" प्रत्येक भिंतीत एक रिकामा पाइप टाकायला लावायचे आणि त्यात नुसती दोरी ओवून ठेवायचे. मागून येणाऱ्याने तार त्या दोरीला बांधावी आणि ओढून घ्यावी, भिंत फोडायला लागू नये म्हणून. नेटवर्कवाल्यांशी तर त्यांचं कायम वाजायचं. आमच्या चित्रा-आवाजाला वेगळी वाट द्या, हा त्यांचा हट्ट. "बैलबंडी अन् एसटी एकाच पांदणीच्या वाटेनं धाडली, तं दोघी बी फसतीन," असं ते भर बैठकीत म्हणायचे आणि वाट मिळेपर्यंत उठायचे नाहीत.

रागीट होते. माइकवर टिचकी मारणारा त्यांना अजिबात खपायचा नाही. एका समारंभात प्रमुख पाहुण्यांनी टकटक केली, तर हा माणूस बाजूने पुढे होऊन म्हणतो, "साहेब, मारता काहून त्याले? त्याचं काय चुकलं?" पाहुणे हसले म्हणून निभावलं, नाहीतर आमची धडगत नव्हती.

मग मोठ्या सभागृहाचं काम आलं. दीक्षान्त समारंभ तिथेच व्हायचा. गावोगावचे आईबाप लेकराचं नाव ऐकायला येतात आणि त्यांना नेहमी मागचीच जागा मिळते, म्हणून सरांनी त्या नकाशात जीव ओतला होता. नेमका तेव्हाच त्यांचा आवाज बसला. सुरुवातीला धूळ म्हणून सोडून दिलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात तंबाखूचा खर्रा तोंडात घातला नाही, त्याच्या घशात कॅन्सरची गाठ निघावी! मला आजही याचा संताप येतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, उशीर करू नका.

हे मला सरांकडून नाही, त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं. त्यांचा अकोल्याहून फोन आला. "मॅडम, तुमीच सांगा त्याईले. हॉलचं काम झालं का दवाखान्यात जातो म्हणून राह्यले." मी तशीच उठले आणि सभागृहात जाऊन सर्वांदेखत ओरडले, "सर, हॉल गेला खड्ड्यात! तुम्ही आज निघा!" ते शिडीखाली उभे होते. चिडले नाहीत. घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "निघतो वं माय. पण मागचे स्पीकर मले बोलून पाहू दे. मंग कोन बोलन?"

मला नाही म्हणवलं नाही. मागचे स्पीकर दुसऱ्या दिवशी जोडून झाले. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ते मंचावर उभे राहिले आणि नेहमीसारखे बडनेऱ्याहून निघाले. आवाज चिरकत होता, मान्याला खोकल्याने अडला, पण अकोल्यापर्यंत पोचला. प्रत्येक अक्षर माझ्यापर्यंत आलं. मी हात वर केला आणि मग तोंडाला पदर लावून हमसून रडले.

शस्त्रक्रियेनंतर ते वर्षभर जगले. बोटाने तळहातावर अक्षरं काढून बोलायचे. त्या वर्षात त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नातीला मांडीवर घेऊन बसायचे, पण तिला हाक कशी मारणार? ती उभी राहायला लागली आणि सर गेले.

महिन्याभराने मी अकोल्याला काकूंना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला आणि संकोचून विचारलं, "मॅडम, तुमच्या तिथं सगळ्याईचं रेकॉर्डिंग असते ना? याईचा आवाज असन काय कुठं?" मी छातीठोकपणे म्हटलं, असणारच! हॉलाहॉलात रेकॉर्डिंगची सोय ज्या माणसाने केली, त्याचा आवाज नसेल?

परत येऊन सगळा सर्व्हर पालथा घातला. पाहुणे होते, मंत्री होते, कंटाळवाणी भाषणंसुद्धा जशीच्या तशी होती. सर कुठेच नव्हते. चाचणी झाली की ते आपलं रेकॉर्डिंग स्वतःच्या हाताने पुसायचे, जागा अडते म्हणून. त्यांच्या लेकीला विचारलं, तर सरांचा फोन शेवटपर्यंत बटणांचा, त्यात काहीच नाही. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत ते आहेत, पण बँडच्या गोंगाटात नुसते ओठ हलताना दिसतात.

हे फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. पुन्हा अकोल्याला गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. नात त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ द्या. हिच्यासाठी पाह्यजे होता. हिनं आबाचा आवाज आयकलाच नाई."

"आणि तुम्हाला, काकू?"

"मले कायले लागते, बाई? मले तं दिवसभर आयकू येते."