बेसवाल्या मामांची डबी

"माझं राहू द्या ताई, आधी बाकीच्यांचं बघा."

कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रत्येक वाद्याचा आवाज तपासायचा असतो. मी साऊंडच्या मिक्सरवरून हाक मारायची आणि स्टेजवरच्या माणसाने वाजवून दाखवायचं. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, मग गायक, मग निवेदक. मामांकडे बोट केलं की ते मान हलवून हे एवढंच म्हणायचे. बाकीच्यांचं होईपर्यंत नवरदेव दारात यायचा, नाहीतर पुढारी यायचे, आणि मामांची तपासणी राहून जायची. एवढ्या कार्यक्रमांत त्यांची पाळी आल्याचं मला आठवत नाही.

आमचा परभणीत मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. मंडप दीर बघतात, साऊंड मी बघते. लग्न होऊन आले तेव्हा मला वायरी गुंडाळायला बसवलं होतं. पुढे मिक्सर हातात आला तो आलाच. मामा एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे आणि त्या ऑर्केस्ट्राला साऊंड आमचा असायचा. त्यांना सगळेच मामा म्हणत. ऑर्केस्ट्राचा संचालकही म्हणायचा, आणि तो काही त्यांच्यापेक्षा फार लहान नव्हता.

तुम्ही कधी लग्नात ऑर्केस्ट्रा पाहिला असेल तर आठवून बघा. गायिकेची साडी आठवेल, ऑक्टोपॅडवाल्याचे केस आठवतील. मागच्या कोपऱ्यात लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन कुणी उभं होतं का, ते आठवणार नाही. त्यात तुमची चूक नाही. बेस गाण्याच्या खाली असतो, जात्याच्या खालच्या तळीसारखा. फिरते ती वरची तळी, लोक तिच्याकडे बघतात.

मामा मूळचे बोरीचे. भावांची शेती तिथंच आहे. मामा तरुणपणी गाव सोडून आले, इथे एका बँड पार्टीत शिरले आणि तिथून ऑर्केस्ट्रात. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्टेशनच्या बाजूला त्यांची एक खोली होती. एकदा त्यांचा थोरला भाऊ बाजाराला आला, तेव्हा दोघं आमच्या दुकानात चहाला बसले. भाऊ मला म्हणाला, "उभा जलम वाजवायलाय हा. पण काय वाजवायलाय ते आमच्या गावात अजून कुणाला ऐकू आलं न्हाई."

मामा बशीतला चहा संपवून म्हणाले, "ऐकू आलं असतं तर वाजवू दिलं असतं का तुमी?"

बेस गिटारचा आवाज काढायला मामांकडे एक मोठा काळा अ‍ॅम्प होता, आतच स्पीकर असलेला. वजन म्हणाल तर ज्वारीचं पोतं बरं. तो त्यांच्या पाठीमागे उभा असायचा आणि कार्यक्रमभर त्यांची पोटरी त्याला टेकलेली असायची. ऑर्केस्ट्रातले लोक त्या अ‍ॅम्पला मामी म्हणत. "मामींना पुढच्या सीटवर घ्या." "मामींना ऊन लागायलंय, सावलीत बसवा." मामा यावर चिडत नसत. उलट गाडीतून अ‍ॅम्प उतरवताना कुणी घाई केली तर म्हणायचे, "हळू. बाईमाणूस आहे."

मग संचालकाने स्टेजच्या मागे लावायची भली मोठी एलईडी स्क्रीन घेतली. ती आली आणि गाडीतली जागा संपली. एका दुपारी आमच्या गोडाऊनसमोर सामान भरताना तो मामांना सरळच बोलला. यापुढे एकतर तुम्ही येणार, नाहीतर मामी. गिटार थेट मिक्सरला लावून आवाज येत असेल तर या, नसेल तर बेस कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल. सगळीकडे तसंच चाललंय.

तो वाईट माणूस नव्हता. डीजेच्या गाड्यांनी त्याचे निम्मे कार्यक्रम खाल्ले होते, आणि त्याला लोकांना दाखवायला काहीतरी लखलखतं पाहिजे होतं.

बेस गिटार नुसती मिक्सरला लावली की आवाज पत्र्यावर हरभरे पडल्यासारखा येतो. त्यात पोट नसतं. त्यामुळे मामांपुढचा प्रश्न अगदी साधा होता. अ‍ॅम्पचं काम करणारी आणि खिशात मावणारी एखादी वस्तू मिळते का? मिळाली तर ऑर्केस्ट्रा राहील, नाहीतर खोली आहेच.

कीबोर्डवाल्यानेच त्यांना मोबाईलवर शोधून दिली. पायाशी ठेवायची लोखंडी डबी, साबणाच्या दोन वड्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढी. एका बाजूने गिटारची वायर आत, दुसऱ्या बाजूने मिक्सरची वायर बाहेर. मधे सहा बटणं. तारेचा बारीक आवाज ती मोठा करते, त्याला आकार देते आणि लांबच्या वायरीतून मिक्सरपर्यंत न बिघडता पोहोचवते. कुरिअर आल्या आल्या मामा ती रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले.

"ताई, तुमी हो म्हणलात तर हो. मला काय, मला सगळंच गोड लागंल."

मी कुठलीही वस्तू घेताना दुकानात ऐकत नाही. दुकानात सगळंच चांगलं वाजतं. आमची लाइट कशी असते, जनरेटर कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी गोडाऊनमध्ये दोन मोठे स्पीकर भिंतीला लावले, लाइट जनरेटरवर घेतली आणि आमच्याकडची सगळ्यात लांब, तीन ठिकाणी जोडलेली वायर काढली. मामा म्हणाले, ही कशाला, चांगली घ्या की. म्हटलं, कार्यक्रमात चांगली तुमच्या वाट्याला कधी आली?

जनरेटर सुरू झाला तशी स्पीकरमधून घूंऽऽ अशी गुणगुण यायला लागली. आमच्याकडे अर्थिंग म्हणजे मातीत खुपसलेली सळई, आणि ती माती कोरडी. मामांचा चेहरा पडला. मी खाली बसून डबीच्या पाठीमागचं एक बारकं बटण नखाने सरकवलं. गुणगुण कात्रीने कापल्यासारखी बंद झाली. ते बटण त्याच कामासाठी असतं. तिथे मी डबीला अर्धे मार्क देऊन टाकले.

मग त्यांनी वाजवलं. खालचा सूर लावला तेव्हा छताचे पत्रे थरथरले, पण सूर फाटला नाही. मधल्या आवाजाचं बटण थोडं वर घेतलं तशी प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला लागली. आवाज कडक करणारं एक बटण होतं, ते फिरवलं तर ट्रॅक्टर गाळात अडकल्यासारखं वाजायला लागलं. ते आम्ही शून्यावर नेलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. डबी टेबलावरून पाडून बघितली. मामांनी डोळे मिटून घेतले होते, पण डबीला काही झालं नाही. अ‍ॅडॉप्टर मात्र भुक्कड होता. मी त्यांना आमच्याकडचा जुना, जड अ‍ॅडॉप्टर दिला.

"पास," मी म्हटलं.

"खरं?"

"मामींपेक्षा साफ आहे."

मामांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तिच्यासमोर बोलू नका."

पहिला कार्यक्रम झरीला होता, लग्नाचा. मी नेहमीप्रमाणे मांडवाच्या मधोमध मिक्सर लावून बसले होते. पहिलंच गाणं सुरू झालं आणि मला मांडीखालच्या खुर्चीत बेस जाणवला. गोल, भरीव, प्रत्येक ठोका वेगळा. इतकी वर्षं मामांचा अ‍ॅम्प स्टेजवरच वाजायचा आणि लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा नुसता धुरळा व्हायचा. आता तोच आवाज माझ्या मोठ्या स्पीकरमधून निघत होता. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपर मारून स्टेजच्या कोपऱ्याकडे दाखवलं. बेसकडे कुणी बोट दाखवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मामा मात्र विचित्र उभे होते. मान तिरकी केलेली, नजर ढोलकीवाल्याच्या हातावर. पोटरी मागे जात होती आणि तिथे काहीच नसल्याने परत येत होती.

मंगलाष्टकांसाठी गाणी थांबली तेव्हा ते स्टेजवरून उतरून माझ्याकडे आले. स्वतःहून मिक्सरपाशी येणारा हा माणूस नव्हे.

"बाहेर कसं यायलंय?"

म्हटलं, मस्त यायलंय. म्हाताऱ्याचंही सांगितलं. ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही.

"ताई, मला तिथं काहीच न्हाई. नुसतं ढगात गुरगुरल्यावानी. मी बोटं बघून वाजवायलोय." मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाले, "मला जरा मी पाहिजे."

आमचे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात. स्टेज त्यांच्या मागे. मागे खालच्या आवाजाची घरघर जाते, सूर जात नाही. गोडाऊनमध्ये तपासताना आम्ही दोघंही स्पीकरच्या समोर उभे होतो. डबी सगळ्या कसोट्यांना उतरली, फक्त ती ज्याची होती त्याच्या जागेवर उभं राहून कुणी ऐकलं नव्हतं.

स्टेजवर आत तोंड करून ठेवलेला एक स्पीकर असतो, पण तो गायिकेपुढे. त्यात बेस सोडला की तिचा सूर जायचा. मामांसाठी दुसरा न्यायचा तर तो मामींएवढाच. संचालकाला विचारलं, तो स्क्रीनकडे बघून हसला.

मी म्हटलं, मामा, एक जागा आहे, पण ती स्टेजवर नाही. स्टेजच्या खाली, जमिनीवर ठेवलेल्या आमच्या मोठ्या स्पीकरपेटीच्या पुढच्या कडेला. तिथे सगळं ऐकू येईल. पण तिथे उजेड नसतो, आणि तुम्ही कुणाला दिसणार नाही.

त्यांनी विचार केल्यासारखं दाखवलंसुद्धा नाही. लगेच गिटार आणायला गेले.

त्यानंतरचा सगळा लग्नसराईचा हंगाम मामा जमिनीवर उभं राहून वाजवत होते. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला मांडवाचं कापड, पायाशी ती डबी. आचाऱ्याची माणसं पाण्याचे जार घेऊन त्यांना ओलांडून जायची. एका बाईने त्यांना आमचा वायरमन समजून पंखा इकडे फिरवा म्हणून सांगितलं. मामांनी तेवढा अंतरा संपवला आणि फिरवून दिला. फोटोवाल्याच्या एकाही फोटोत ते नाहीत. व्हिडिओत बेस ऐकू येतो, माणूस दिसत नाही. परतताना गाडीत त्यांना बसायला जागा असायची, पण मामींची थट्टा बंद झाल्यापासून त्यांच्याशी बोलायचं काय, ते कुणाला सुचत नसे. ते खिडकीतून बघत बसायचे. मला वाटायचं, झोप आली असेल.

दिवाळीनंतर संचालकाचा मला फोन आला. मिक्सरवर मामांचं चॅनल यापुढे नको. तसंही ते स्टेजवर नसतात, लोक विचारतात की बेस कोण वाजवतंय, तर मग कीबोर्डवाल्याचाच डावा हात लावू. त्याच्या हिशोबाने बरोबर होतं. मीही धंदाच करते.

मामा आमचा अ‍ॅडॉप्टर परत द्यायला आले. राहू द्या म्हटलं. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचं नाव सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कुठं परत नव्या लोकांला सांगत बसू, मी काय वाजवतो ते." खोली सोडून ते बोरीला पुतण्याकडे गेले. टेम्पोत गादी, दोन पातेली आणि मामी.

यंदा बोरीच्या एका लग्नाचं काम आलं, म्हणून मी जागा बघायला गेले. मोजमाप होईपर्यंत दिवेलागण झाली. जवळच्या देवळात गुरुवारचं भजन चालू होतं. देवळाला आवाज म्हणजे कळसाजवळ बांधलेला कर्णा. त्यातून टाळ जातात, गळा जातो. बेस जात नाही.

सभामंडपात सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून मामा बसले होते. मांडीवर गिटार, गुडघ्याशी डबी. डबीतून एक बारीक वायर त्यांच्या कानाला गेली होती. त्या डबीला हेडफोन लावायला भोक होतं, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्या तपासणीत ते आलंच नव्हतं. हेडफोनची एक बाजू कानावर होती, दुसरी त्यांनी मागे सरकवली होती. उघड्या कानात भजन, झाकलेल्या कानात ते स्वतः. ओठ किंचित उघडे होते. पोटरी कुठे काही शोधत नव्हती.

पायरीवर बसलेल्या बाईने मला विचारलं, "त्येंच्या कानाला काय झालंय ओ?"

"काही नाही," मी म्हटलं.

हाक मारणार होते, पण गाण्यात असलेल्या माणसाला कशाला उठवायचं. मी चप्पल काढून पायरीपर्यंत गेले. तिथून फक्त जाड तारांवर बोटं पडल्याचं मऊ टपटप ऐकू येत होतं, तेही ढोलकी थांबेल तेव्हा.

भजन संपलं, आरती झाली. टाळ पिशवीत गेले, पेटीचा भाता बंद झाला. एक जण पुढच्या बाजूने सतरंजी गुंडाळत गुंडाळत मागे आला. गुंडाळी मामांच्या गुडघ्याशी येऊन थांबली. त्या माणसाने वर पाहिलं. मामांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं चालू होती. तो गुंडाळीवर हात ठेवून तिथेच खाली बसला.