पाण्याची चावी

लोखंडाची ती उंच चावी भर रस्त्यात उभी करायची, तिचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाकून त्यावर कपाळ टेकायचं. डोळे मिटलेले. मागे स्कूटरवाला हॉर्न वाजवतोय, दूधवाला वळसा घालून जातोय, कशाचं काही नाही. मग मान वर करून म्हणायचं, "हाय. निघालंय."

आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्या मामांची ही रीत. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही, म्हणून मीही इथे मारत नाही. पूर्वी ते चावीला कान लावत. पाइपातलं पाणी लोखंडातून ऐकू येतं म्हणे. गेल्या काही वर्षांत कानाच्या जागी कपाळ आलं. वय झालं की माणूस देवाकडे झुकतो, असं आम्ही आपसात म्हणायचो.

तुम्ही आमच्या शहरातले असाल तर पाण्याच्या वाराचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, आठवड्यातून एकदा येतं. त्या दिवशी गल्लीत कुणी गावाला जात नाही, पाहुणे बोलावत नाही, आजारीसुद्धा पडत नाही. जमिनीखालच्या व्हॉल्व्हला चावी लावून ते पाणी आमच्याकडे वळवायचं, हे मामांचं काम. चढावरच्या या गल्लीतलं शेवटचं घर माझं. त्यामुळे पाणी सगळ्यात शेवटी माझ्याकडे यायचं आणि राग सगळ्यात आधी मला यायचा. औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. पाढे चुकणाऱ्या पोरांना जसं बोलायचो, तसंच निवृत्तीनंतर मामांना बोलत असे. मामा माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकून घेत. मास्तरांबद्दल काय आदर आहे माणसाला, असं मला वाटे.

पंप बंद पडला किंवा मोठी लाइन फुटली, की आज पाणी येणार नाही हे सांगायला मामा स्वतः दारोदार फिरत. फोनवर एक निरोप टाकला असता तरी भागलं असतं.

"कशाला शिव्या खायला येता, मामा?" मी एकदा विचारलं.

"फोनला शिव्या देऊन माणूस मोकळा होत नाय, सर. समोर तोंड लागतं."

समोरच्या काकूंनी एकदा रिकामी घागर त्यांच्या पायाशी आपटली. मामांनी ती उचलली, पोचा आला का ते फिरवून पाहिलं आणि उंबऱ्यावर ठेवली. "माय, माझ्या खिशात असतं तर खिसा उलटा केला असता," म्हणाले. त्यानंतर ठरलेलं वाक्य, "त्याचं त्यो बघतो. आपण आपले आटे मोजायचे." आटे म्हणजे व्हॉल्व्ह उघडताना चावीला द्यावे लागणारे फेरे. 'त्यो' म्हणताना बोट आभाळाकडे.

"आभाळातल्याचा आणि पाइपलाइनचा काय संबंध?" मी गणितवाला, विचारणारच.

"मग पाणी काय आमच्या ऑफिसात तयार होतं व्हय?"

आता माझा पराक्रम ऐका. गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हावा म्हणून मी दारोदार सह्या गोळा केल्या, खेटे घातले आणि रस्ता आणला. काम सुरू झालं तेव्हा यंत्राचा धक्का लागून पाइपाचा एक सांधा गळायला लागला. मामांनी चढावरच्या घरांना पाणी सोडणारा जुना व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला. सांधा दुरुस्त झाला. व्हॉल्व्ह पुन्हा उघडून त्याचं चेंबर रस्त्याच्या उंचीला आणायला मामा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तर सिमेंटची गाडी गल्लीत उभी.

"दोन तास थांबा, सर. खाली व्हॉल्व्ह हाय, उघडायचा राह्यलाय."

गाडी परत गेली तर पुन्हा कधी येईल याचा नेम नव्हता. मी म्हणालो, "मामा, तुमचं हे नेहमीचंच आहे. एक मिनिट थांबणार नाही." आणि हात करून गाडी पुढे घेतली. मी. दुसऱ्या कुणी नाही.

मामा ओल्या सिमेंटकडे बघत उभे राहिले. "बरं. त्याची मर्जी," म्हणाले.

पुढच्या पाण्याच्या वारी माझा नळ नुसता फुसफुसला. चढावरच्या पाच घरांचं पाणी तुटलं. आम्ही टँकरवर आलो. टँकर चढ चढत नसे, तो खाली उभा राहायचा आणि बादल्या वर आणायच्या. माझी पाठ अधू, म्हणून बहुतेक बादल्या बायकोच आणायची.

व्हॉल्व्ह नेमका कुठे गाडला गेला, ते सांगता येईना. मामांची खूण होती कडुलिंबापासून सात पावलं, आणि कडुलिंब रस्त्यासाठी तोडलेला. नकाशात तो व्हॉल्व्ह नव्हताच. मग मामा चावी घेऊन गल्लीभर फिरू लागले. चार पावलं चालायचे, चावी रस्त्यावर टेकवायचे, तिच्यावर कपाळ टेकायचे. त्यांच्या सांगण्यावरून एक खड्डा झाला. माती. दुसरा झाला. तिथेही माती. नव्या रस्त्याला दोन भगदाडं पडली. खालच्या घरांना पाणी भरपूर होतं, त्यांनी तक्रार केली. ऑफिसनं मामांची खरडपट्टी काढली आणि खोदाई बंद केली.

मामांच्या नोकरीचा शेवटचा महिना होता. तरी पाण्याच्या वारी ते उजाडताच यायचे. शेवटच्या वारी त्यांनी रस्त्यावर लाल रंगानं परातीएवढं एक वर्तुळ काढलं आणि माझ्या दारात आले.

"सर, तिसरा खड्डा मिळतो का बघा. रस्ता तुम्ही आणला, तुमचं ऐकतील."

"दोनदा चुकलात, मामा. तुमच्या देवानं दोनदा नाही म्हटलं. आता कशाच्या जोरावर मागता?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले. "नाय म्हणायला तरी हाय ना त्यो, सर. कुणीच नसतं तर लई अवघड झालं असतं." चावी खांद्यावर घेत म्हणाले, "व्हॉल्व्ह मी बंद केलाय. उघडल्याबिगर झोप लागत नाय."

गाडी कुणी पुढे घेतली होती, ते त्यांनी तेव्हाही काढलं नाही. ऑफिसातसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. मी "बघतो" म्हणालो आणि काही बघितलं नाही.

मामा निवृत्त होऊन दौलताबादजवळच्या आपल्या गावी गेले. लाल वर्तुळावरून गाड्या जात राहिल्या. एके दिवशी बायकोनं भरलेली बादली ओट्यावर ठेवली. तिचं मनगट सुजलं होतं. "घर विकून मुलाकडे जाऊ," ती म्हणाली. मी बादलीवर झाकण ठेवायला उठलो. तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला चूक कबूल करायची नाही, म्हणून मी अजून किती बादल्या वाहू?"

मी पुन्हा दारोदार फिरलो. ज्यांच्या सह्या रस्ता करायला घेतल्या होत्या, त्यांच्याच रस्ता फोडायला मागितल्या. प्रत्येक दारात आधी सांगितलं की त्या दिवशी मामा थांबा म्हणत होते आणि मी थांबलो नाही. पहिल्या दारात जीभ जड झाली होती. शेवटच्या दारापर्यंत सवय झाली. परवानगी मिळायला उन्हाळा गेला.

मिळाली त्याच दिवशी मी मामांच्या गावी गेलो. म्हटलं, त्यांनाच घेऊन यावं. दारात त्यांची बायको पेरू निवडत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "महिना झाला त्यांना जाऊन."

मी ओसरीवर बसलो. तिनं पाणी दिलं. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शेवटी शेवटी फार देवभोळे झाले होते. चावीला किती वेळ नमस्कार करत."

"नमस्कार कशाचा! कान गेले होते त्यांचे. तुम्हाला ठावं नव्हतं व्हय? कपाळ लावायचे चावीला. म्हणायचे, हाडाला कळतं."

"मग आम्ही इतकं बोलायचो, ते?"

"ते तोंडाकडं बघून कळायचं की." ती जराशी हसली. "आन् नमस्कारबी होऊन जायचा त्यात. वाकलेलेच असायचे."

निघताना मी विचारलं, माझ्याबद्दल कधी काही म्हणाले का.

"सरांच्या नळाला पानी पोचलं का, रोज इचारायचे. मी व्हय म्हणून मान हलवायची, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून. पण त्यांना पटायचं नाय. म्हणायचे, पोचलं असतं तर सर सांगायला आले असते."



पाण्याच्या वारी तिसरा खड्डा झाला. लाल वर्तुळाच्या आत, दोन हात खाली, व्हॉल्व्ह होता. मामांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी चावी लावली. चावी तीच होती, दांड्याला मामांनी गुंडाळलेली सुतळी तशीच. चावी हलेना, मग करकरली आणि फिरली. मी मोठ्यानं आटे मोजले. फेरे संपले तसे ते गृहस्थ म्हणाले, "चला सर, आता नळापाशी थांबू."

"जरा थांबा," मी म्हणालो. चष्मा काढून खिशात ठेवला आणि पाठ दुखत होती तरी वाकून दांड्यावर कपाळ टेकलं. लोखंड गार होतं. बराच वेळ काहीच नव्हतं. मग कपाळाच्या हाडात बारीक थरथर सुरू झाली, आणि ती वाढत गेली.

"हाय, मामा," मी म्हणालो. "निघालंय."

नळाला यायला अजून अवकाश होता. मी कपाळ उचललं नाही.