ओल्या रंगावर आवळलेले नट

चारठाणा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या विमलच्या तोंडी लागायची हिंमत सहसा कुणी करत नाही. जीप असो की ट्रॅक्टर, काळ्या मातीच्या पांदणीतून जाणाऱ्या कुठल्याही गाडीचं चाक बसवायच्या आधी ती नटाखालची जागा घासून लोखंड उघडं पाडते. समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळते. मग प्रत्येक नटावरून चाकावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढते. नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. "पांदणीतून एक चक्कर मारून या, पुन्हा आवळायचं हाय," असं ती बजावते, आणि जो परत येत नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

ही शिस्त तिला कुण्या उस्तादानं लावली नाही. सुडानं लावली.

तिचा नवरा बालाजी हा भगवानरावांच्या जीपवर ड्रायव्हर. भगवानराव गावातले बडे बागायतदार. पोळ्याला बैल सजवावा तशी खंडेनवमीला जीप रंगवायची त्यांना भारी हौस. एका वर्षी त्यांनी चाकं काढून आतून-बाहेरून लाल ऑइलपेंटचे जाड थर दिले आणि रंग ओला असतानाच नट आवळून घेतले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सीमोल्लंघनाला निघताना बालाजी म्हणाला, थोडं पुढं जाऊन थांबतो, नट पुन्हा आवळून घेतो. भगवानरावांनी त्याला झापलं. सीमोल्लंघनाला निघालेली गाडी मधे थांबली तर वर्षभर अपशकुन! पांदणीच्या खड्ड्यांत नटांखालचा रंग दबला, नट ढिले झाले आणि पुढचं चाक निसटलं. जीप ओढ्यात उलटली. भगवानरावांना खरचटलं. बालाजीचा पाय कापावा लागला.

आणि भगवानरावांनी पारावर उभं राहून काय सांगितलं? "ड्रायव्हर पिलेला होता." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

बालाजीनं जन्मात चहापलीकडे कशाला तोंड लावलं नव्हतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला गाव नेहमीच तयार असतं. लोक त्याला दारुड्या म्हणू लागले आणि तो दसऱ्याला सोनं द्यायलासुद्धा घराबाहेर पडेनासा झाला. विमलनं मनाशी खूणगाठ बांधली, ज्या तोंडानं गावापुढं खोटं बोललास, त्याच तोंडानं गावापुढं खरं वदवून घेईन. पुढं घर चालवायला तिनं दुकान टाकलं, पण रात्रंदिवस डोक्यात तेवढंच होतं.

यंदाच्या दसऱ्याला फाट्यावरच्या मारुतीपुढं गाव जमलं होतं. भगवानरावांची जीप शेतातल्या आखाड्यावरून आली. झेंडूच्या माळा, लालभडक चाकं, पुढं ड्रायव्हरच्या जागी स्वतः भगवानराव, मागच्या सीटवर त्यांची सून सृष्टी आणि तिच्या मांडीवर लेकरू. विमलची नजर सवयीनं चाकाकडं गेली. नटांच्या कडेनं लाल रंग सायीसारखा दबून बाहेर आला होता. एका नटाखाली तर चक्क फट पडली होती.

तिला आनंद झाला. अगदी उघड, निखळ आनंद. जाऊ दे, पोचू दे पांदणीत. करावं तसं भरावं! ती पाऊलभर मागंही सरली. मग तिच्या ध्यानात आलं, हा ओढ्यात पडून मेला तर कबूल कोण करणार? मेलेल्या माणसाची तर गाव आरतीच करतं. शिवाय ते लेकरू नेमकं आजच जीपमध्ये बसलं होतं, याचाही तिला राग आला.

दुकानातून पाना आणि तारेचा ब्रश घेऊन ती जीपपुढं आडवी झाली.

"मालक, उतरा."

"बाजूला सर. मुहूर्त चाललाय."

विमलनं वाद घातला नाही. ती चाकापाशी बसली. पान्याची गरजच पडली नाही, नट बोटांनीच फिरला. दुसराही फिरला. बाकीचे तिनं पान्यानं काढले आणि सगळे पदरात टाकले. सृष्टी लेकराला घेऊन खाली उतरली, सासऱ्याकडं न बघता.

"नट दे इकडं," भगवानराव म्हणाले.

"देते की. त्या दिवशी बालाजी पिलेला नव्हता, एवढं म्हणा."

"सणासुदीचं हे काय लावलंस?"

"सणाच्याच दिवशी पाय गेलाय माझ्या नवऱ्याचा."

भगवानरावांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी मधे पडेना. सगळे त्या चाकाकडं बघत होते.

"नव्हता पिलेला," ते पुटपुटले.

"मोठ्यानं! बदनाम करताना लय वरडला होता तुमी."

"नव्हता पिलेला बालाजी!" भगवानरावांचा आवाज फाटला. "थांबून नट आवळतो म्हणला होता. मीच थांबू दिलं न्हाई."

विमलचं काळीज निवलं. पण सोडेल ती विमल कसली? तिनं नट त्यांच्या पायाशी धुळीत ओतले आणि वर तारेचा ब्रश फेकला. "लोखंड दिसस्तोर रंग खरवडा. मग आवळा." पांढऱ्याशुभ्र धोतरातले भगवानराव गावादेखत उकिडवे बसले. चारी चाकं होईपर्यंत ती पारावरून बघत राहिली. मग एकेक नट स्वतः तपासून तिनं पिवळ्या रेघा ओढल्या. उद्या काही झालं तर आळ पुन्हा आपल्याच घरावर यायला नको.

आपट्याची पानं घेऊन ती पळतच घरी आली. बालाजी ओट्यावर बसला होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"तुमचं नाव धुतलं मी आज!"

बालाजीनं पानं घेतली.

"त्यानं कबूल केलं, बरं झालं. तू कवा करणार?"

"मी? मी काय केलं?"

"दवाखान्यात आलीस तवा माझ्यावर वाकलीस. मला वाटलं, रडायलीस. तू माझं तोंड हुंगलं, विमल. पायावरची चादर त्याच्यानंतर उचललीस."

दारूचा वास येतो का बघायला तोंड हुंगल्याचं विमलच्या पक्कं ध्यानात होतं. तो तेव्हा शुद्धीवर होता, हे मात्र तिला आज कळलं.