पचवलेल्या दुधाचा डबा

आमच्या मामासासऱ्यांइतकी चिकित्सा करून खरेदी करणारा माणूस क्षिप्रेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, फ्रीगंजात आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. छत्री घ्यायची तर दुकानातल्या झाडून साऱ्या छत्र्या उघडून उन्हात उभे राहून बघायचे आणि शेवटी जुनीच दुरुस्त करून आणायचे. टावर चौकात घेतलेला प्रेशर कुकर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत नेला, कारण काय तर शिट्टी रडकी आहे. "भाईसाब, रसोई में रोज कोई रोएगा तो खाना पचेगा कैसे?" दुकानदाराने मुकाट्याने कुकर बदलून दिला. पचन हा मामांचा जिव्हाळ्याचा विषय. सगळ्या गल्लीच्या पोटांची काळजी त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती.

अशा माणसाच्या हाती माझ्या तान्ह्या लेकीचं दूध निवडायचं काम आलं. बायकोचं दूध तापाच्या आजारात आटलं आणि डब्याचं दूध पोरीला सोसेना. जुलाब, त्यात रक्त, अंगभर पुरळ. डॉक्टर म्हणाले, "गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही पोटात जाता कामा नये. सोयाबीनची पावडर देऊन बघा, नाहीतर आधीच पचवलेल्या दुधाची परदेशी पावडर मिळते, ती शोधा." बाजार नुकता खुला झाला होता, दुकानांतून परदेशी डबे दिसू लागले होते. सोयाबीनचं नाव ऐकून मामांनी कपाळाला हात लावला. "अहो जावईबापू, आपल्या माळव्यात सोयाबीनच्या ट्रॉल्याच्या ट्रॉल्या निघतात, पण त्याची खली-पेंड ढोरं खातात!" तरी आणली, आणि पोरीने ती ओकून टाकली. मग मामा बसने इंदूरला गेले, तिथली औषधांची दुकानं पालथी घातली आणि परदेशी डबा घेऊन आले. आधी स्वतः चमचाभर कालवून प्यायले. तोंड कडूजहर झालं. बराच वेळ डबा फिरवत म्हणाले, "पचवलेलं आहे हे ठीक, पण कुणी पचवलं, याचा काही अता-पता?"

आम्ही हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसू. परदेशी डब्यानेही गुण येईना. पोरगी वाळत चालली. रडायची तोवर बरं होतं, पुढे रडेनाशी झाली.

मामा रोज सकाळी पूजा आटोपून यायचे, कपाळाला भस्म आणि हातात घरच्या महादेवाच्या पंचामृताची वाटी. बोट बुडवून पोरीच्या ओठांना लावायचे आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. बायको पदर पसरायची, मी हात जोडायचो.

डॉक्टरांनी एकदा खोदून विचारलं, पोटात आणखी काय जातं? उत्तर मामांनीच दिलं. "कुछ नहीं डॉक्टरसाब, पावडर के सिवा कुछ नहीं. बस, सुबह भगवान का तीर्थ."

"क्या रहता है उसमें?"

"दूध, दही..." मामा सांगू लागले आणि तिथेच थांबले. देवाला वाहिलेलं दूध हेही दूधच, हे आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तीर्थ बंद झालं आणि त्याच कडू पावडरीवर पोरीने हळूहळू अंग धरलं. डबा संपत आला की मामा इंदूरची बस पकडायचे, पण डबा दारातूनच द्यायचे. बायको पोरीला पुढे करून म्हणायची, "मामा, घ्या ना हिला. तुम्ही डबा शोधलात म्हणून वाचली."

"नको बेटा. माझा हात नको." आणि दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. ती चालू लागली, शाळेत जाऊ लागली, तरी ते हात पुढे आले नाहीत. त्या माणसाची फार कीव यायची, पण समजूत काढायला गेलं की ते गॅसचा भाव विचारायचे.

मामांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा लेकीने सहज विचारलं, "बाबा, मामाआजोबांना मी आवडत नव्हते का हो? कधी जवळ घेतलं नाही त्यांनी मला."

मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मीच जाऊन बसले असते की त्यांच्या मांडीवर."