पासपोर्ट न लागणारा परदेश

विट्यात माझा शिवणक्लास आहे. लाइट गेली की सहाच्या सहा मशीन बंद पडतात आणि पोरीबाळी म्हणतात, "सुनंदाताई, सृजनाला आणलं तवाचं सांगा की!" जणू मी पिक्चर बघून आलेय! पण घरात एक पोर आणायची म्हटली की किस्से आपोआप साठतात. आमची तर कागदंच दोन वर्षं फिरत होती. ऐकताना पोरी हसतात, मीही हसते. लाइट आली की मात्र बरं वाटतं.

*

माझे धाकटे दीर, बापूभावजी, गलाईच्या धंद्यात होते. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची कितीतरी माणसं त्यापायी कुठं कुठं पांगलीत. बापू काठमांडूला गेले आणि तिथलीच मुलगी केली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या सुनेला घरात पाऊल टाकू दिलं नाही. गावात कुणी विचारलं की सांगायच्या, "बापूचं अजून ठरंना बगा." ती बिचारी तिकडं आजारपणात गेली, तरी आमच्याकडं बापूंचं अजून ठरतच होतं!

पुढं ॲसिडच्या धुरानं बापूंची छाती गेली. मिरजेला दवाखान्यात ठेवलं. नर्स फॉर्म भरत होती. "पेशंटला मुलं किती?"

आत्याबाई म्हणाल्या, "लगीनच न्हाई झालं त्येचं."

बापूंनी तोंडावरचा मास्क हातानं बाजूला केला. "एक मुलगी. सृजना. नऊ वर्षांची. लिवा, सिस्टर."

सिस्टरनं लिहिलं. चौथ्या दिवशी बापू गेले.

*

आम्हाला मूलबाळ नाही. दहाव्याहून परत आल्या आल्या हे, म्हणजे माझे मिस्टर, म्हणाले, "बापूची पोर आपण दत्तक घ्यायची." मी हो म्हटलं.

दोन वर्षांनी एकदाची काठमांडूच्या दत्तकाच्या ऑफिसची तारीख मिळाली. आम्ही बॅग भरत होतो, आत्याबाई दारात बसलेल्या.

"पासपोट घेतला का रं?"

"नेपाळला पासपोर्ट लागत नाही, आई. मतदानाचं कार्ड चालतं."

"शाळंत मत द्याया दावतो त्येच?"

"तेच."

आत्याबाईंनी बॅगेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मग ते परदेस कसलं रं? आन मी परदेसातली, परदेसातली म्हणून इतकी वर्सं कुनावर रुसले?"

ह्यांनी बॅगेची चेन लावली.

*

काठमांडूत सृजना तिच्या आईच्या आईकडं राहायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आजीला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण चहा तिनंच केला. आम्ही सृजनाला व्हिडिओ कॉलवर पाहिलेली. समोर आली ती फोनमधल्यापेक्षा उंच होती.

बापूंच्या शेजारच्या दुकानातले माने, मूळचे आटपाडीचे, आमचे दुभाषी म्हणून आले होते. पण ह्यांना स्वतः बोलायचं होतं. पोरीपुढं वाकून विचारलं, "यायचं ना बाळा? आपल्या घरी? विट्याला?"

ती खाली बघत म्हणाली, "म जान्नँ."

हे एकदम खूश! मला म्हणाले, "ऐकलंस? 'मग जाणं' म्हणाली! मग जायचंच की! अगं, भाषा आपलीच आहे ही!" तिच्या हातात चॉकलेट दिलं, डोक्यावरून हात फिरवला. आजीकडं बघून हसले. आजी हसली नाही.

जिना उतरताना माने हळूच म्हणाले, "दादा, जान्नँ म्हंजे जाणार न्हाई."

हे तिथंच पायरीवर बसले.

*

दुसऱ्या दिवशी दत्तकाच्या ऑफिसात साहेबांनी आम्हाला बाहेर काढलं आणि पोरीला एकटीला विचारलं. दाराच्या काचेतून मला दिसत होतं. ती मान हलवत होती. हो, हो, हो.

"बघ, रात्रीत कशी वळली!" हे म्हणाले. आम्हाला वाटलं, आपली माया पोचली.

*

विट्याला पोचलो तर आत्याबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. मला बरं वाटलं. त्यांनी हात वर केला, ओवाळणार, तेवढ्यात पोरीनं मान वर केली. आत्याबाईंनी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. कपाळ, डोळे, नाक.

"ह्यात बापू कुटंच न्हाई गं, सुनंदा," म्हणाल्या, आणि भाकरतुकडा माझ्या हातात देऊन आत गेल्या.

मग मीच ओवाळला आणि टाकला.

*

जूनमध्ये शाळेत नाव घालायला गेलो. हेडमास्तर चांगले. फॉर्म भरून झाला, तशी सृजना मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना म्हणाली, "सर, मेरा तो छुट्टी है. दसैं में वापस जाना है."

दसैं म्हणजे त्यांचा दसरा. हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मी ह्यांच्याकडं.

घरी येऊन मान्यांना फोन लावला, ते आजीकडं गेले. आजीनं काही लपवलं नाही. एक एक वाक्य बोलत गेली, माने सांगत गेले. "सुट्टीला जा, साहेबानं विचारलं की हो म्हण, असं मीच तिला सांगितलं. नाहीतर ती हलली नसती. मला दिसत नाही, मी किती दिवसांची ते मला ठाऊक आहे. खोटं मी बोलले. खरं तेवढं तुम्ही सांगा."

हे अंगणात जाऊन उभे राहिले. म्हणजे खरं सांगायचं माझ्याकडं आलं. मी सांगितलं. सृजनानं सगळं ऐकून घेतलं, आपली बॅग कॉटखालून काढली, कपडे परत घडी घालून भरले आणि चेन लावून ठेवली. त्यानंतर सतरा दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही. कपडे लागले की बॅगेतून काढायची, धुऊन वाळले की परत बॅगेत!

*

अठराव्या दिवशी शेजारच्या शोभाची पोरगी सांगत आली, "काकी, वर्गात पोरं सृजनाला चिनी म्हणत्यात."

हे लाल! चप्पल घालून निघालेच शाळेत. तेवढ्यात मागून आवाज आला. मराठीत!

"आमच्यात चिनी म्हणजे साखर, काका. नका जाऊ."

ह्यांनी चप्पल काढली. दिवसभर भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी मराठी बोलली! पहिलं वाक्य! आणि कसलं हजरजबाबी!" मीही सांगत होते. फक्त मला एक कळलं होतं, ते मी ह्यांना बोलले नाही. ते पहिलं वाक्य 'आमच्यात'नं सुरू झालं होतं, आणि त्या 'आमच्यात' आम्ही नव्हतो.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी क्लासमध्ये सांगत नाही.

सृजनाची सहावीची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. मी क्लासवर होते, काठमांडूहून आजीच्या शेजारणीचा फोन आला. हिंदीत बोलली. आजी सकाळी गेली. मग रडत म्हणाली, "आमच्यात सुतक धरणारा तेरा दिवस मीठ खात नाही. हिला ना मुलगा, ना मुलगी उरली. हिच्यासाठी मीठ सोडणारंसुद्धा कुणी नाही."

मी फक्त ह्यांना सांगितलं. आम्ही ठरवलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. आत्याबाईंनाही बोललो नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आजीशी बोलायला सृजनाला दिलेला फोन चार्जिंगचं निमित्त करून मी कपाटात ठेवला.

सकाळी पेपरला जायच्या आधी तिला जेवायला वाढलं. शेजारी आत्याबाई बसलेल्या. बीपीपायी मीठ कमी करा म्हणून डॉक्टर सांगून दमले, पण आत्याबाईंना ताटात वरून मीठ लागतंच. त्यांनी चिमटीत मीठ घेतलं, तेवढ्यात सृजनानं ताट माझ्याकडं सरकवलं.

"थोरली आई, माझी भाजी वेगळी काढ. बिनमिठाची."

मी डाव खाली ठेवला. "का गं?"

"आजीचे तेरा दिवस," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मी नाही सांगितलं. फोन मी कपाटात ठेवायच्या आधीच तिला तिकडून कळलं असणार.

आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग चिमटीतलं मीठ परत भांड्यात टाकलं, हात झटकला आणि आपलं ताट तिच्या ताटाला लावून पुढं सरकवलं.

"सुनंदा, मलाबी तिच्यातलंच वाढ."