कळसाभोवतीचं आकाश

आकाश कुणाच्याही मालकीचं नसतं. जमिनीच्या वाटण्या होतात, पाणी अडवता येतं, आकाश मात्र सर्वांचं, असं मी नोकरीभर वर्गात शिकवलं आणि मुलांनी ते उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले. निवृत्त झाल्यावर मला कळलं की आकाशाला आवक क्रमांक असतो. तो आणायला दोनदा जावं लागतं, कारण पहिल्यांदा जावं तर रजिस्टर कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली बंदोबस्तावर गेलेली असते.

हे ज्ञान मला मामांमुळे झालं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी राहतात. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. चार वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या महादेवाच्या देवळाला पितळी कळस दिला. कळस परभणीहून लाल फडक्यात गुंडाळून आला, ट्रॅक्टरवर मिरवला गेला आणि गावच्या रिवाजाप्रमाणे फडकं सुटलं ते थेट शिखरावर गेल्यावर. म्हणजे देणाऱ्याने आपला कळस जवळून पाहिलाच नाही. त्यावर आपलं नाव कोरलंय, एवढं त्यांना कारागिराच्या शब्दावरून ठाऊक.

नाव नखाएवढ्या अक्षरांत आणि शिखर चिंचेहून उंच. खालून कुणालाच काही वाचता येत नव्हतं. त्यामुळे मामांच्या चुलत भावाला बोलायला मोकळं रान मिळालं. हे दोघे रोज सकाळी पारावर शेजारी शेजारी बसतात आणि तीनच विषयांवर भांडतात. चौथा कळसाने दिला.

"नाव मागं गेलंय तुजं," चुलतभाऊ म्हणायचे. "ओढ्याकडं."

"तू बघितलंस का?"

"बसवणाऱ्याला इचारलं. त्यो म्हणला, मला वाचता येत न्हाई, पर ओढ्याकडं कायतरी लिवल्यालं होतं."

देऊळ पूर्वाभिमुख. ओढा मागे, पश्चिमेला. त्या बाजूला सकाळी जे लोक जातात त्यांचं लक्ष कळसाकडे नसतं. ही गोष्ट मामांच्या मनाला लागली. चार वर्षं लागून राहिली. "डोळे मिटायच्या आधी एकदा बघायचंय, नाव समोर हाय का न्हाई," ते मला म्हणाले. शिखरावर माणूस चढवावा, तर एकदा कळस बसल्यावर शिखराला पाय लावायचा नाही, असा गावाचा नेम. आणि हा नेम ठरवणाऱ्या बैठकीत मामाच पुढे होते.

तोडगा गावातल्या फोटोवाल्याने काढला. लग्नं आणि वाढदिवस करणारा चाळिशीचा माणूस, त्याच्याकडे नवा ड्रोन होता. देवळाच्या समितीत चर्चा झाली. चुलतभावांनी विचारलं, "त्याला पाय असतेत का?" फोटोवाला प्रामाणिक. म्हणाला, "असतेत, पर टेकवणार न्हाई." मग दुसरा मुद्दा निघाला. महादेवाला पुरती प्रदक्षिणा घालत नाहीत. उत्तरेकडून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, ते ओलांडायचं नसतं. तेव्हा ड्रोननेही तिथवर जाऊन परत फिरावं, असा ठराव झाला. फोटोवाल्याने तो मान्य केला. ड्रोनचे सरकारी नियम त्याला पाठ होते, हा त्याला नवा होता.

"भाच्या, अर्ज तू लिही," मामा म्हणाले. "तुला लय मराठी येतंय."

मी लिहिलं. विषय: कळसावरील नाव वाचण्यासाठी ड्रोन उडविण्याची परवानगी मिळणेबाबत. ज्या कार्यालयात तो दिला तिथल्या लिपिकाने तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"सर, ह्या कारणाला नमुना नाही. सार्वजनिक कार्यक्रम दाखवा."

त्यावर मी मामांच्या गावचा सप्ताह दाखवला. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन, त्याचं चित्रीकरण. लिपिकाने छापील नमुना काढला.

"प्रमुख पाहुणे?"

"महाराज आहेत."

"महाराज कीर्तन करणार. पाहुणे कोण?"

"कुणी नाही."

"मग ड्रोन कशाला?" हे त्याने मनापासून विचारलं. "रकाना रिकामा सोडता येत नाही सर."

मी गावी फोन लावला. संध्याकाळपर्यंत मामांनी एक पाहुणे मिळवले. ते कसलेसे माजी अध्यक्ष होते. कशाचे, ते गावात कुणाला नक्की सांगता येईना, पण त्यांच्या गाडीच्या पुढे एक गाडी चालते, एवढी माहिती पक्की होती. मी नाव भरून अर्ज पुन्हा नेला. तो पुढच्या टेबलावर गेला आणि अडकला.

"मान्यवर येणार आहेत," तिथले साहेब म्हणाले. "म्हणजे ड्रोन उडवता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"साहेब, ड्रोनची परवानगी मिळावी म्हणूनच त्यांना बोलावलंय."

"ते बरोबर केलं तुम्ही. त्याशिवाय अर्ज माझ्यापर्यंत आलाच नसता."

फोटोवाला सोबत होता. त्याने फोनवर एक नकाशा दाखवला. त्यात मामांचं गाव हिरव्या रंगात होतं आणि हिरव्यात बारका ड्रोन उडवायला वरच्यांची हरकत नसते, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी नकाशा कौतुकाने पाहिला. मीही पाहिला. ते गाव हिरवं असल्याचा दुसरा सरकारी पुरावा माझ्या पाहण्यात नाही. शेवटी साहेबांनीच वाट काढली. परवानगी मिळाली, एका अटीवर: मान्यवर कार्यक्रमस्थळावरून रवाना झाल्यानंतर तीस मिनिटांपर्यंत.

काल्याच्या दिवशी बंदोबस्ताला एक जमादार आले. सज्जन गृहस्थ. खिशात परवानगीची प्रत. कीर्तन संपलं, काला वाटला गेला, व्यासपीठावरची मोठी खुर्ची रिकामीच. साडेबाराला फोन आला. मान्यवर गंगाखेडच्या बाजूला एका लग्नात अडकले होते, आता काही येणं होत नाही, कार्यक्रमास शुभेच्छा.

मामांचा चेहरा उजळला. "चला, काढ रे ड्रोन."

जमादारांनी हात वर केला. "थांबा. मान्यवर रवाना कुटं झाले?"

"आलेच न्हाईत की."

"तेच म्हणायलोय मी. आले न्हाईत तर गेले कसं लिहू?"

"आवो, पर हितं न्हाईत न्हवं ते? कुणाची सुरक्षा बिघडायली?"

"बाबा, तुमचं खरं हाय. पर कागदावर 'नसताना' असं न्हाई लिवल्यालं. 'रवाना झाल्यानंतर' असं लिवलंय. मला रवाना झाल्याची येळ टाकायचीय."

मी भाषेचा माणूस म्हणून मध्ये पडलो. तर्काने समजावू पाहिलं. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमी म्हणता ते लेखी द्या, मी वर पाठवतो." मामा मंडपाच्या खांबाला धरून खाली बसले. पुन्हा परवानगी म्हणजे पुढचा सप्ताह, आणि पुढच्या वर्षाची हमी त्यांचे गुडघे देत नव्हते.

तेव्हा बोलले ते चुलतभाऊ. "सत्काराची शाल आन् नारळ हाय न्हवं? त्ये एका जीपमदी घालून फाट्यापस्तोर धाडा. सत्कार गेला म्हंजी माणूस गेला."

जमादारांनी विचार केला. "जीपच्या म्होरं गाडी लागंल."

एक मोटारसायकल पुढे लावली. शाल, नारळ आणि हार जीपच्या मागच्या सीटवर ठेवले. सूत्रसंचालकाने, मान्यवरांनी वेळात वेळ काढून इथे येण्याची तयारी दर्शवली याबद्दल आभार मानले. बँड वाजला. लोक उठून उभे राहिले, काहींनी हात जोडले. माझ्या शेजारच्या एका म्हातारबांनी विचारलं, "काय बोलले सायब?" पलीकडचा म्हणाला, "थोडक्यात बोलले. बरं बोलले." धूळ खाली बसल्यावर जमादारांनी घड्याळ पाहून वेळ टाकली आणि प्रसन्नपणे म्हणाले, "आता उडवा."

फोटोवाल्याने लोकांच्या डोक्यावरून नको म्हणून देवळामागच्या मोकळ्या जागेतून ड्रोन सोडला. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून मामा, चुलतभाऊ आणि मी एकाच उपरण्याखाली डोकी घातली. ड्रोन ओढ्याच्या बाजूनेच वर कळसापाशी जाऊन थांबला. फोटोवाल्याने चित्र मोठं केलं. पितळेवर अक्षरं आली. श्री, आणि पुढे मामांचं नाव.

चार वर्षांचा वाद जिंकलेल्या माणसाने, मामांना नीट दिसावं म्हणून उपरणं आपल्या बाजूने आणखी ओढून धरलं.

"बरं," मामा म्हणाले. "मंग समोर काय हाय, ते तरी दाव."

फोटोवाल्याने समितीच्या ठरावाप्रमाणे उत्तर टाळून दक्षिणेकडून ड्रोन नेला. कळस गोल असतो, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. मजकूर त्याच्या पोटाभोवती फिरत होता. दक्षिणेला मामांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव लागलं, मग मुक्काम पोस्ट. उत्तरेला बहुधा 'यांचेकडून सप्रेम भेट' असावं, तिकडे आम्ही गेलो नाही.

"येवढं कशाला लिवलं?" चुलतभावांनी विचारलं.

"म्याच सांगितलं होतं त्याला," मामा म्हणाले. "पत्ता पुरा टाक म्हणलं. उद्या दुसऱ्या गावचे आपला म्हणतेल."

ड्रोन पूर्वेला येऊन थांबला. महाद्वाराच्या बरोबर वर, उगवत्या सूर्याकडे तोंड करून, मामांच्या कळसावर कोरलेलं आहे: ता. जिंतूर, जि. परभणी.