कडी वाजते तेव्हा

मराठीच्या बाईंनी आम्हाला दोन कथा वाचून यायला सांगितल्या होत्या. भयकथेत मेलेली बाई तिन्हीसांजेला येऊन स्वतःच्याच घराची कडी वाजवते. विज्ञानकथेत एक यंत्र गेलेल्या माणसाच्या आवाजात घरच्यांशी बोलतं.

"कुठली वाचताना जास्त घाबरलात?" बाईंनी विचारलं. मी भयकथेचं नाव घेतलं. कडी वाजते तिथे मी पुस्तकच मिटलं होतं, हे सांगितल्यावर वर्ग खदखदून हसला. मग माझ्या शेजारची सुषमा उठली.

"मला भीती नाही वाटली, बाई. राग आला. आतली माणसं दार का उघडत नाहीत?"

कुणी हसलं नाही. सुषमाची आई दिवाळीनंतर गेली, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. माझी आई त्या वेळी घरी भाजी निवडत बसली असेल. घरातली सगळी माणसं जागच्या जागी असली की भुताला घाबरणं किती सोपं असतं, असं माझ्या मनात आलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

तास सुटल्यावर सुषमा आणि मी जिन्यात थांबलो. बाहेर मळभ दाटलं होतं.

"तसं यंत्र खरंच निघेल का गं कधी?" तिनं विचारलं.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "निघेल की. माणसाचा थोडा आवाज साठवलेला असला म्हणजे झालं."

ती खाली रिकाम्या मैदानाकडे बघत राहिली.

"फोटो पुष्कळ आहेत आमच्याकडे," ती म्हणाली. "आवाज कुठेच नाही."